सावतोबांचा मळा आणि आमचा दहा गुंठे झेंडू

मागच्या वेळी इथेच कर्वेनगरात व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने विचारलं, "सर, श्रद्धेवर फुलशेती चालते का?" आम्ही हसलो खरे, पण प्रश्न सोपा नाही.

सावता माळी आठवा. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे, १२९५ साली त्यांनी देह ठेवला. पंढरपूर तसं जवळच, पण परंपरा सांगते की ते मळा सोडून वारीला गेले नाहीत. मळ्यातलं काम हीच पूजा. आजही आषाढात विठ्ठलाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते.

आता, देव भाव देईल अशी ही श्रद्धा नव्हती. भाव ठरतो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, आवकेवर. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी तोडा सुरू होतो. आम्ही निवृत्तीनंतर दहा गुंठे लावला, तोही पंधरा दिवस उशिरा. दसऱ्याला नुसत्या कळ्या! दिवाळीने थोडं सावरलं, इतकंच.

मग श्रद्धेचं काम कुठे? निशिगंध घ्या. कंद एकदा लावले की पीक दोन-तीन वर्षं राहतं, आणि बहरात रोज पहाटे तोडणी. आज भाव नाही म्हणून झोपून राहिलात, तर ते फूल उद्या मान टाकतं. भाव नसलेल्या दिवशीही जो पाटी घेऊन उतरतो, त्याला आम्ही निष्ठावंत म्हणू.

त्या तरुणाला एवढंच सांगितलं, बाबा रे, आधी पाचच गुंठे लाव, आणि रोपं आणण्याआधी कालनिर्णयात दसरा बघ.