असीलची पैदास : रवण घालण्याआधी तीन आठवडे थांबा

बारामती-इंदापूर भागात ब्रॉयलरची शेड आता कुणाला नवी नाही. पण या ब्रॉयलरच्या अंगात आपल्याच देशातल्या कोंबडीचं रक्त आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ब्रॉयलरच्या बापाकडच्या वंशात कॉर्निश ही जात वापरतात. ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकात असील कोंबड्यांच्या संकरातून तयार झाली. तिकडे तिचं नाव ‘इंडियन गेम’!

असील हा शब्द आपल्या ‘अस्सल’चाच भाऊबंद. या जातीचं मूळ क्षेत्र आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगड. आपल्याकडे ती हौसेने आणि प्रदर्शनासाठी पाळली जाते. तेव्हा पिल्लं बाहेरूनच येतात आणि तिथेच फसगत होते. उंच पायाचा कुठलाही लाल कोंबडा ‘प्युअर असील’ म्हणून गळ्यात मारला जातो. नावावर भाळून पैसा गुंतवला की काय होतं, ते २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी कडकनाथच्या प्रकरणात सोसलं आहे.

म्हणून आधी पक्षी ओळखा. असीलचा तुरा बारका, वाटाण्याच्या तीन ओळी बसवल्यासारखा. गळ्याखाली लोंबणारी कातडी जवळपास नसतेच. मान लांब आणि जाड, छाती रुंद, उभं राहणं ताठ, पिसं आखूड आणि अंगाला घट्ट. शेपटी खाली झुकलेली. पूर्ण वाढलेला कोंबडा चार-पाच किलोंचा, कोंबडी तीन-चार किलोंची. रंगावरून पीला, याकूब, नूरी, कागर अशी नावं आहेत. पण रंग बघून घेऊ नका, आधी हाड बघा.

आता खरी गोष्ट. चांगली असील कोंबडी आणली, चांगला कोंबडा आणला, आठ दिवसांत अंडी गोळा करून रवण घातली आणि पिल्लं निघाली गावठी वळणाची! मग विकणाऱ्याला शिव्या. पण कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तेव्हा कोंबडी वेगळी काढा, तीन आठवड्यांची अंडी सरळ खायला किंवा बाजारात जाऊ द्या आणि त्यानंतरचीच अंडी उबवणीला ठेवा. उकिरड्यावर शेजाऱ्याचा कोंबडा येत असेल तर एवढं करूनही उपयोग नाही, जाळीचं कुंपण हवंच. पायात कडी घाला आणि वहीत आई-बापाची नोंद ठेवा. त्याच घरातला नर पुनःपुन्हा वापरला की अंडी कमी फळतात, पिल्लं दुबळी निघतात. नर बदलताना नात्याबाहेरचा आणा.

अंडी कमीच, वर्षाला शंभराच्या आत. तेव्हा अंड्यांच्या धंद्यासाठी ही कोंबडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खुडूक मात्र पक्की बसते. एका कोंबडीखाली आठ-दहा अंडी पुरे, तीही आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा, आत लाल शिरा दिसल्या नाहीत तर अंडं काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. आईविना वाढवायची असतील तर पहिला आठवडा ९५ अंश फॅरनहाइट ऊब द्या, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटाचे थेंब, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या-दहाव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी. यात चालढकल नको.

तीन-चार महिन्यांचे नर भिडायला लागतात, त्यांना वेगळं करा. झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जत्रेत ‘परंपरा’ म्हणून कुणी पुढे आलं तर सरपंच-पोलीस पाटलांनी तिथेच अडवावं.

प्रदर्शनाला नेण्याआधी महिनाभर पक्षी रोज हातात घेऊन माणसाळवा. बुजलेला पक्षी पिंजऱ्यात अंग चोरून बसतो, मग परीक्षकाला त्याची छाती-मान कशी दिसणार? पाय धुऊन खवले स्वच्छ करा, खरजेचे किडे असतील तर तिथेच दिसतात. परत आणल्यावर मात्र थेट खुराड्यात सोडू नका. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये राज्यात पुन्हा बर्ड फ्लू येऊन गेला आहे. तीन आठवडे पक्षी लांब ठेवा, त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा आणि नंतर हात-चपला धुवा. एखादा पक्षी मान टाकून बसला तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.