गोरज मुहूर्त आणि कॅमेऱ्याचा उजेड

तुळशीची लग्ने लागली की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते ती थेट मे-जूनपर्यंत. त्यात गोरज मुहूर्त असला आणि लग्न मोकळ्या लॉनवर असले की वऱ्हाडी मंडळी खूश असतात. ऊन उतरलेले असते, वारा सुटलेला असतो. व्हिडिओ काढणाऱ्याच्या मात्र तोंडचे पाणी पळते. लग्नांचे चित्रीकरण हा माझा व्यवसाय आहे, म्हणून सांगतो, गोरजाच्या त्या अर्ध्या तासाइतका चंचल उजेड दिवसभरात दुसरा नसतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत आभाळातला उजेड इतका ओसरतो की मांडवातल्या दिव्यांवरच सारी भिस्त राहते. आणि अक्षता नेमक्या त्याच वेळी पडतात. त्या काही पुन्हा टाकायला सांगता येत नाहीत!

आपल्या घरांत कोणी उजेड म्हणतो, कोणी बेळकु. पण त्याला रंग असतो हे सहसा लक्षात येत नाही, कारण आपला डोळा तो लगेच पचवतो. कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय ते सांगावे लागते. त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. हा रंग केल्विन या एककात मोजतात. निरांजनाचा उजेड साधारण १९००, पिवळ्या बल्बचा २८००, हॅलोजनचा ३२००, भर उन्हाचा ५५०० च्या आसपास, तर सावलीतला ७००० च्याही पुढे. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा.

कॅमेरा किंवा मोबाइल ‘ऑटो’वर असला की हा आकडा तो स्वतःच, क्षणाक्षणाला ठरवतो. हळदीच्या वेळी याची गंमत पाहावी. मराठी घरात हळद, कानडी घरात अरिशिण, रंग तोच. नवरीच्या अंगावर पिवळे, पाटाभोवती पिवळे, मागचा पडदाही पिवळा. कॅमेऱ्याला वाटते की उजेडच पिवळा आहे, म्हणून तो चित्रात निळा मिसळतो. हळद फिकी पडते आणि चेहरे आजारी दिसू लागतात. मग मागून पांढऱ्या शर्टातले मामा चालत गेले की रंग पुन्हा बदलतो.

एका कुटुंबाने माझ्याकडे अशीच एक चित्रफीत आणली होती. नातीच्या लग्नात पुतण्याने मोबाइलवर काढलेली. आजोबा नंतर काही महिन्यांत गेले. त्यांचे बोलणे, हसणे टिपलेले एवढेच चित्रण घरात उरले होते. निळ्या ताडपत्रीखाली बसलेले आजोबा कधी निळे, कधी तांबूस दिसत होते, कारण समोरून माणसे ये-जा करतील तसा ऑटो रंग बदलत होता. सगळे चित्रण एकसारखे निळे असते तर ते संगणकावर बरेचसे सुधारले असते. पण चालू दृश्यात सरकणारा रंग तुकड्या-तुकड्याने सुधारावा लागतो, आणि सांधा दिसतोच. त्यांची पांढरी टोपी तर उजेडाने पार जळून गेली होती. जिथे कॅमेऱ्याने नुसता पांढरा डाग नोंदवला आहे, तिथे नंतर कोणालाच काही आणता येत नाही. रंग थोडाफार परत मिळतो, जळलेला भाग मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की उजेड एकदा ठरवा आणि कुलूप लावा. बदलायचाच झाला तर दोन दृश्यांच्या मध्ये बदला, दृश्य चालू असताना नको. व्हिडिओ कॅमेऱ्यात पांढरा कागद किंवा करडे कार्ड नवरा-नवरीच्या जागी धरून व्हाइट बॅलन्स घेता येतो. त्यासाठी धोतर किंवा गांधी टोपी वापरू नये. नीळ घातलेले पांढरे किंचित निळे असते, आणि त्यावरून आकडा घेतला की सगळे वऱ्हाड पिवळसर येते. पुष्कळ मोबाइलमध्ये ‘प्रो’ व्हिडिओत केल्विनचा आकडा हाताने ठेवता येतो. उजेडाचे प्रमाण, म्हणजे एक्स्पोजर, बांधायला बहुतेक फोनवर नवरीच्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की कुलूप पडते. मग बोट थोडे खाली ओढून मुंडावळ्यांचे मोती आणि शालूची जर नीट दिसेपर्यंत चित्र किंचित गडद करावे.

हे कुलूप अंतरपाट धरण्याआधी लावायचे, हे विशेष महत्त्वाचे. पांढऱ्या अंतरपाटाने चौकट भरली की ऑटो कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि तो चित्र काळोखे करतो. ‘सावधान’ होते, अंतरपाट बाजूला जातो, दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि त्याच दोन क्षणांत चेहरे काळे! कॅमेरा सावरेपर्यंत हार पडलेले असतात.

गोरजासाठी मांडववाल्यांशी आधी बोलून ठेवावे. मुहूर्ताच्या अर्धा तास आधीच सगळे दिवे लावायला सांगावे, म्हणजे मंगलाष्टकांच्या मध्येच उजेड उसळणार नाही. मंचावरचे दिवे एकाच रंगाचे असावेत. जांभळे-हिरवे दिवे चेहऱ्यावर असतील तर कोणताही व्हाइट बॅलन्स कामाचा नाही, ते दहा मिनिटे बंद ठेवायला लावावे. दिवे पिवळसर असतील तर मी ४३०० च्या आसपास आकडा ठेवतो आणि आभाळामागे धावत नाही. मागचे आकाश निळे होत जाते, चेहरे जरा उबदार येतात, आणि संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसते. शटर १/५० वर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे लुकलुकत नाहीत. अंधार वाढला की गेन थोडा वाढवावा, पण मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांमध्ये.

आणखी एक. ‘मुलगी जरा उजळ दिसू द्या हं’ असे हळूच सांगणाऱ्या मावशी मराठीतही भेटतात आणि कानडीतही. मी मान हलवतो आणि करत नाही. त्या उजळपणापायी मोत्यांचे ठिपके होतात, जर जळते आणि मुलगी ओळखू येत नाही. आहे तो वर्ण सुंदर येतो, चेहऱ्यावर उजेड नीट पडू दिला की झाले.

रात्री नवरी सासरी माप ओलांडते तेव्हा दारात निरांजन असते. तिथे मी आकडा ३२०० वर ठेवतो. ज्योत पिवळी येते, ओवाळणाऱ्या बाईंच्या हातावरही तोच पिवळा उजेड येतो, आणि तो मी तसाच राहू देतो.