फौज आहे, पण हलवता येत नाही
‘वॉर इन द पॅसिफिक’ हा संगणकावरचा युद्धखेळ २००४ साली आला. मांचुरियातलं जपानचं क्वांतुंग सैन्य पाहून नवखा खेळाडू हरखतो; पण ते वाटेल तेव्हा जहाजांवर चढवता येत नाही. आधी राजकीय गुण खर्चून तुकडीचं मुख्यालय बदलायचं, आणि हे गुण जमतात थेंबाथेंबाने.

जाच खरा, पण उगाच नाही. १९३९ मध्ये खालखिन गोलला सोव्हिएत फौजेचा मार खाल्लेल्या जपानला मांचुरियाची सरहद्द उघडी टाकणं परवडणारं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या मिलिशियाला तर सक्तीने देशाबाहेर धाडायला कायद्याचीच आडकाठी होती. पापुआ हा ऑस्ट्रेलियाचाच प्रदेश, म्हणून १९४२ मध्ये तिला कोकोडाच्या वाटेवर उतरवता आलं. १९४३ मध्ये बंधन सैल झालं, तेही विषुववृत्तापर्यंतच.