उंचीची पावडर नको, झोप हवी!

टिटवाळ्याहून एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आली. ‘‘डॉक्टर, बास्केटबॉलसाठी उंची वाढवायची पावडर लिहून द्या ना.’’ मुलाची तक्रार वेगळीच होती. गुडघ्याखाली दुखरा उंचवटा आला होता. पहाटेच्या लोकलने कल्याणला सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव. झोप जेमतेम सहा तास.

उंची बहुतांशी आनुवंशिक असते. पावडरीने किंवा लोंबकळण्याने ती वाढत नाही. अमेरिकेतील मगसी बोग्स अवघ्या ५ फूट ३ इंच उंचीवर ‘एनबीए’त १४ हंगाम खेळला.

नेम, चेंडूवरचा ताबा ही मेंदू आणि स्नायूंची जुळणी असते. ती सरावाने बसते, झोपेत पक्की होते. या वयात ८ ते १० तास झोप हवीच. सततच्या उड्यांनी मांडीचा स्नायू नडगीच्या वाढत्या हाडावर ओढ देतो आणि तिथे सूज येते. म्हणून आठवड्यातून किमान एक दिवस विश्रांती द्या. उडीनंतर गुडघे वाकवून, आत न वळवता उतरायला शिकवा. मूल लंगडत असेल किंवा रात्री दुखून जागे होत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाला मी पावडर दिली नाही. पहाटेची लोकल मात्र बंद केली.