खारकीव्हमध्ये युद्ध थांबले नव्हते

‘आपल्या मुलांना बाहेर काढता यावे म्हणून रशियाने सहा तास युद्ध थांबवले होते.’ मार्च २०२२ पासून हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकले, रेल्वेच्या डब्यात ऐकले, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरूनही ऐकले. कोणी सहा तास सांगतो, कोणी साडेचार. युद्ध थांबले होते याबद्दल मात्र कोणालाच शंका नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर एका प्रचाराच्या जाहिरातीतली मुलगी परत येऊन वडिलांना हेच सांगताना दिसली. आता हा इतिहास म्हणून सांगितला जाऊ लागला आहे, म्हणून जे घडले ते तारखांसह मांडतो.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांसाठी बंद झाले. दिल्लीहून भारतीयांना आणायला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले. देशात तेव्हा वीस हजारांच्या आसपास भारतीय होते, बहुतेक सगळे वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी. पश्चिमेकडच्या शहरांतली मुले पोलंड, हंगेरी, रोमानियाच्या सीमांकडे निघू शकली. खारकीव्हची गोष्ट वेगळी होती. हे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटरवर, आणि सुटकेची पश्चिम सीमा तिथून हजार किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दिवसापासून तिथे तोफगोळे पडत होते. मुले वसतिगृहांच्या तळघरांत आणि मेट्रोच्या स्थानकांत राहत होती. १ मार्चला शहरातल्या फ्रीडम चौकातल्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र आदळले. त्याच दिवशी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खाण्याचे सामान आणायला बाहेर पडला असताना हल्ल्यात मारला गेला.

दुसऱ्या दिवशी, २ मार्चला, कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने तातडीची सूचना काढली. सगळ्या भारतीयांनी खारकीव्ह ताबडतोब सोडावे, पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युडोव्का या गावांकडे जावे आणि काहीही करून युक्रेनच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहापर्यंत तिथे पोहोचावे. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजणार होते. पाठोपाठच्या सूचनेत अंतरेही होती: पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाई १२, बेझल्युडोव्का १६. वाहन किंवा बस मिळत नसेल तर चालत निघा, असेही लिहिले होते. या सूचनेत ‘सहा’ आहे तो घड्याळातला. सहा तासांचा उल्लेख तिच्यात कुठेही नाही, शस्त्रसंधीचाही नाही.

हातात ही सूचना असताना लोकांनी तिचा अर्थ उलटा कसा लावला, याचे मला अजून नवल वाटते. युद्ध थांबले असते तर दूतावासाने एवढी घाई कशाला केली असती? हिवाळ्याच्या दिवसांत, पाठीवर बॅग घेऊन, तोफांचे आवाज येणाऱ्या रस्त्याने सोळा किलोमीटर चालत जा असे कोणी सांगते, ते मागे राहणे त्याहून धोक्याचे असते म्हणूनच.

शंका उरू नये म्हणून सरकारचाच दाखला घ्या. ३ मार्चला परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांना पत्रकारांनी नेमके हेच विचारले. त्यांनी सांगितले की कोणता मार्ग उपलब्ध आहे आणि लोकांनी किती वाजेपर्यंत कुठे पोहोचायला हवे, याची ठोस माहिती भारताला मिळाली होती आणि ती आपल्या नागरिकांना कळवली गेली. यावरून कोणी बॉम्बफेक थांबवून धरली आहे किंवा भारत तसा समन्वय साधतो आहे असा अर्थ काढणे पूर्णपणे चुकीचे आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. अफवा पसरली त्यानंतर एका दिवसात हे उत्तर आले. त्याची चित्रफीत आहे, वृत्तपत्रांत ते छापून आले आहे. तरीही वर्षानुवर्षे अफवाच फिरते आणि उत्तर शोधून काढावे लागते.

युद्ध काही तास थांबवायचे खरोखर ठरते तेव्हा काय होते, तेही याच युद्धात दिसले. ५ मार्चला मारियुपोल आणि व्होल्नोवाखा या शहरांसाठी तात्पुरती शस्त्रसंधी जाहीर झाली. वेळ ठरली, मार्ग ठरला, दोन्ही बाजूंनी घोषणा झाली. तरी गोळीबार सुरूच राहिला आणि नागरिकांना बाहेर काढण्याचे काम काही तासांत थांबवावे लागले. मग सुमी. तिथे जवळपास ७०० भारतीय विद्यार्थी अडकले होते. ७ मार्चला पंतप्रधान मोदी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्याशीही बोलले आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशीही. त्या दिवशी मुले बसमध्ये बसली आणि मार्ग सुरक्षित नाही म्हणून त्यांना उतरवावे लागले. ८ मार्चला रशिया आणि युक्रेन दोघांनीही सुमीहून पोल्टाव्हाकडे जाणाऱ्या मार्गासाठी ठरावीक तास गोळीबार थांबवण्याचे मान्य केले, आणि त्या मार्गाने भारतीय मुलांबरोबर युक्रेनचे नागरिक आणि इतर देशांचे विद्यार्थीही बाहेर पडले. सुमीच्या सुटकेत भारताच्या प्रयत्नांचा वाटा नक्की आहे. पण ती शस्त्रसंधी सर्व नागरिकांसाठी होती, उघडपणे जाहीर केलेली होती, आणि तिची तारीख ८ मार्च आहे. लोक २ मार्चच्या खारकीव्हला ८ मार्चची सुमी चिकटवतात आणि त्यात सहा तासांची भर घालतात.

हे खोडून काढले की लगेच कोणीतरी विचारते, ‘म्हणजे सरकारने काहीच केले नाही म्हणता?’ सरकारने बरेच केले. चार केंद्रीय मंत्री युक्रेनच्या शेजारी देशांत जाऊन बसले. भारतीयांना परत आणण्याच्या ‘ऑपरेशन गंगा’मध्ये ९० विमाने उडाली, त्यांतली १४ हवाई दलाची, आणि आक्रमणाआधी निघालेले धरून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय युक्रेनमधून परत आले. कोणता रस्ता किती वाजेपर्यंत वापरता येईल, ही माहिती लढणाऱ्या सैन्याच्या बाजूने वेळेत मिळवणे हीच त्या दिवसाची मुत्सद्देगिरी होती. तिचे मोल मोठे आहे. तिच्यावर खोट्याचा मुलामा चढवला की खरे काम झाकले जाते, आणि सगळ्यात जास्त अन्याय होतो तो त्या मुलांवर. ज्यांनी गोळीबाराच्या आवाजात पायी शहर सोडले, खारकीव्हच्या स्टेशनवर आपल्याला गाडीत चढू दिले जात नाही अशी तक्रार ज्यांनी केली, पिसोचिनला पोहोचून जे पुढे दोन-तीन दिवस बसची वाट पाहत राहिले, त्यांना आपण सांगतो की तुमच्यासाठी युद्ध थांबवले होते, तुम्ही निवांत चालत आलात. मला या अफवेची चीड येते ती यासाठी.

याच मुलांबद्दल दुसरा गैरसमज आहे, आणि तो जास्त क्रूर आहे. ‘एवढे सांगूनही थांबलीच कशाला?’ दूतावासाच्या सूचना क्रमाने वाचल्या तर उत्तर सापडते. १५ फेब्रुवारीची पहिली सूचना म्हणत होती की ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते बाहेर पडण्याचा विचार करावा. विचार करावा, निघा असे नव्हे. २० तारखेला भाषा जरा कडक झाली. विद्यापीठ ऑनलाइन वर्गांचे कळवील याची वाट न पाहता निघा, हे २२ तारखेला सांगितले गेले. आकाश बंद झाले २४ ला. म्हणजे स्पष्ट शब्दांत सांगितल्यापासून दोन दिवस मिळाले. विद्यापीठे वर्ग चालू ठेवून हजेरी मागत होती, आणि जानेवारीच्या अखेरीस खुद्द झेलेन्स्की घबराट पसरवू नका असे पाश्चात्त्य नेत्यांना सांगत होते. विशीतल्या मुलाने, घरून कर्ज काढून पाठवलेल्या पैशांतून महागलेले तिकीट काढून वर्ष बुडवायचे की थांबायचे, हे ठरवायला त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त माहिती नव्हती. आणि ही मुले ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा न देता गेलेली होती, हेही खरे नाही. परदेशी एमबीबीएसला जाण्यासाठी नीट पात्रता २०१८ पासून सक्तीची आहे.

या युद्धाबद्दलच्या बाकीच्या अफवांबद्दल थोडक्यात. युक्रेनच्या सैन्याने भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस धरले, हा दावा रशियाने केला होता. ओलीस धरल्याची कोणतीही माहिती नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ३ मार्चलाच सांगितले. वाहनांवर तिरंगा लावण्याचा सल्ला मात्र खरा, तो सरकारनेच दिला होता.

कीव्हवर एकट्याने रशियाची विमाने पाडणारा ‘कीव्हचे भूत’ नावाचा वैमानिक कधीच नव्हता. त्याची म्हणून फिरलेली चित्रफीत एका संगणकीय खेळातली होती, आणि ती लोकांनी रचलेली दंतकथा आहे हे युक्रेनच्या हवाई दलाने ३० एप्रिल २०२२ ला स्वतः मान्य केले. स्नेक आयलंडवर शरण जायला नकार देणारे सैनिक मारले गेले नव्हते, ते कैदेत जिवंत होते. त्यांना मरणोत्तर सन्मान जाहीर झाल्यावर चार दिवसांत युक्रेनच्या नौदलाने हे सांगितले. झेलेन्स्की देश सोडून पळाले नव्हते, २५ फेब्रुवारीच्या रात्री ते कीव्हच्या रस्त्यावर सहकाऱ्यांसह उभे होते. मार्चच्या मध्यात ते शरणागती पत्करताना दिसले ती चित्रफीत बनावट होती.

मारियुपोलच्या प्रसूतिगृहातून बाहेर पडणारी जखमी गरोदर बाई अभिनेत्री असल्याचा प्रचार तर निव्वळ निर्दयपणा होता. ९ मार्चचा तो हल्ला खरा होता आणि ती बाई खरोखर तिथली रुग्ण होती. स्ट्रेचरवरून नेतानाचे जिचे छायाचित्र जगभर गेले, ती दुसरी गरोदर बाई आणि तिचे बाळ, दोघेही दगावले.

आणि तिसरे महायुद्ध. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडच्या प्शेव्होदुव या गावात क्षेपणास्त्र पडून दोघे ठार झाले. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेने एका अनामिक अमेरिकी अधिकाऱ्याच्या हवाल्याने रशियाची क्षेपणास्त्रे पोलंडमध्ये घुसल्याची बातमी दिली, आणि तासाभरात आपल्याकडच्या वाहिन्यांवरही महायुद्धाच्या चर्चा झडू लागल्या. नाटोच्या सदस्यावर हल्ला झाला म्हणजे कलम ५, आणि कलम ५ म्हणजे आपोआप युद्ध, असे सांगितले जात होते. कलम ५ तसे नाही. प्रत्येक सदस्याने त्याला आवश्यक वाटेल ती मदत करावी, एवढेच ते सांगते, आणि १९४९ पासून ते लागू केले गेले आहे एकदाच, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. दुसऱ्या दिवशी नाटोचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग आणि पोलंडचे अध्यक्ष डुडा या दोघांनीही सांगितले की ते क्षेपणास्त्र बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षण यंत्रणेचे होते आणि पोलंडवर मुद्दाम हल्ला झाल्याची कोणतीही खूण नाही. असोसिएटेड प्रेसने बातमी मागे घेतली आणि ती देणाऱ्या पत्रकाराला काढून टाकले.

वृत्तसंस्थेला बातमी जाहीरपणे मागे घ्यावी लागते. ग्रुपवर पुढे पाठवलेला मजकूर कोणी मागे घेत नाही, आणि म्हणूनच २ मार्च २०२२ चे ते सहा तास अजून जिवंत आहेत. परदेशात कुठे लढाई पेटली की पहिल्या दिवशी आपण सगळेच अस्वस्थ होतो आणि हाती येईल ते पुढे पाठवतो. पण ते चूक होते हे कळल्यावर दुरुस्तीही त्याच ग्रुपवर, त्याच लोकांना, स्वतःच्या नावाने पाठवा, एवढी माझी विनंती आहे.