धुळे किती अक्षरांचं?

वार्षिक सभेच्या नोटिसा टपालाने धाडायच्या असल्या, की पतसंस्थांच्या सभासदयाद्या धुळ्यातल्या आमच्या डीटीपीच्या टेबलावर येतात. पत्ता पाकिटावर लिहावा तसा, ऑल्ट धरून एंटर मारत, एकाच सेलमध्ये तीन ओळींत टाइप केलेला असतो. डोळ्यांना छान दिसतो. पण तालुक्यानुसार गठ्ठे करायला घेतले, की तालुक्याच्या रकान्यात काउंटइफ धुळ्याचे सभासद कमी मोजतं. समोर 'धुळे' लिहिलेलं दिसत असतं आणि एक्सेल त्याला धुळे मानत नाही.

अशा वेळी मी शेजारच्या सेलमध्ये लेन लावते. धुळ्याला ते ४ सांगतं: ध, उकार, ळ, मात्रा. ५ आलं, तर न दिसणारं एक चिन्ह चिकटलंय, बहुधा कॅर १०, ओळ खाली नेणारं. ६ आलं, तर जोडीला कॅर १३. टेलिप्रिंटरच्या काळात एक चिन्ह कागद सरकवायचं, दुसरं छपाई पुन्हा डाव्या कडेला आणायचं. विंडोजने ती जोडी तशीच सांभाळली.

क्लीन हे सूत्र ० ते ३१ क्रमांकांची चिन्हं एका झटक्यात काढतं, म्हणून नवी मुलं तेच लावतात. तालुक्याच्या रकान्यात ते खुशाल लावावं. पत्त्यात मात्र 'देवपूर' आणि 'धुळे' यांच्यातली ओळ गेली, की उरतं 'देवपूरधुळे'. टाइप करणाऱ्याने तिथे स्वल्पविरामाचं काम एंटरकडून करून घेतलेलं असतं, ते जपायला हवं. याच शहरात राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद वाचणाऱ्यांना सलग ओळीतले शब्द स्वतः तोडावे लागतात. ते कष्ट पोस्टमनवर कशाला?

म्हणून आतल्या सबस्टिट्यूटने कॅर १३ काढायचं, बाहेरच्याने कॅर १० च्या जागी स्वल्पविराम आणि मोकळी जागा ठेवायची, वरून ट्रिम:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(बी२,कॅर(१३),""),कॅर(१०),", "))

तरीही मोजणी चुकली, तर वेबपेजवरून आलेली १६० क्रमांकाची मोकळी जागा शोधायची. ती ट्रिमलाही दाद देत नाही आणि क्लीनलाही; तिच्यासाठी आणखी एक सबस्टिट्यूट.

शेवटी हा रकाना कॉपी करून नुसत्या व्हॅल्यूज पेस्ट करते, मगच लेबलं काढते. मूळ रकाना पुसत नाही, लपवून ठेवते. गल्ली कुठे संपते आणि गाव कुठून सुरू होतं, अशी शंका आली तर तिथेच पाहावं लागतं.