विश्लेषण : पाच तासांत ऐंशीचं दशक! साय-फाय सिनेमांवरचा हा माहितीपट काय सांगतो? ‘मिस्टर इंडिया’च्या काळाची अशी नोंद कधी?

छत्रपती संभाजीनगर : संगणकाची मदत जवळपास नव्हती, तेव्हा पडद्यावर परग्रहवासी, यंत्रमानव आणि अदृश्य माणसं कशी अवतरली? ‘इन सर्च ऑफ टुमॉरो’ हा माहितीपट तब्बल पाच तास याच प्रश्नाचं उत्तर शोधतो. तो पाहताना मराठी प्रेक्षकाच्या मनात आणखी एक प्रश्न येतो : आपल्याकडचं काय?

माहितीपट नेमका काय आहे?

डेव्हिड वायनर दिग्दर्शित हा माहितीपट २०२२ मध्ये आला. चाहत्यांनी लोकवर्गणीतून त्याला हातभार लावला. १९८० ते १९८९ या काळातल्या विज्ञानपटांची तो वर्षवार उजळणी करतो. ‘ई.टी.’ आणि ‘ब्लेड रनर’ (१९८२), ‘द टर्मिनेटर’ (१९८४), ‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५), ‘रोबोकॉप’ (१९८७) हे सगळे याच दशकातले. खुद्द ‘रोबोकॉप’चे दिग्दर्शक पॉल व्हरहोवन आणि ‘ई.टी.’मधल्या आईची भूमिका करणाऱ्या डी वॉलेस यात बोलतात. माहितीपटाचं खरं बळ हेच आहे : ज्यांनी काम केलं, तेच सांगतात.

तेव्हा ‘इफेक्ट’ व्हायचे कसे?

एक सोपी पद्धत म्हणजे दुहेरी चित्रण. कॅमेऱ्याच्या भिंगाचा अर्धा भाग काळ्या पट्टीने झाकायचा आणि दृश्य चित्रित करायचं. मग फिल्म मागे फिरवायची, दुसरा अर्धा भाग झाकायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. मधल्या वेळात कॅमेरा किंचित जरी हलला, तरी पडद्यावर जोड दिसायचा. जमलं की फसलं, हे फिल्म लॅबमधून धुऊन आल्यावरच कळायचं.

दुसरा मार्ग ऑप्टिकल प्रिंटरचा. यात प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर ठेवून एकेक चौकट पुन्हा चित्रित केली जाते. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे एका मिनिटाला १,४४०! आज चूक झाली तर ‘अनडू’ असतं, तेव्हा फिल्म वाया जायची.

आपल्याकडे काय सुरू होतं?

सर्वांत ठळक नाव अर्थातच ‘मिस्टर इंडिया’चं (१९८७). शेखर कपूर यांचं दिग्दर्शन आणि सलीम-जावेद यांची पटकथा. नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो, हा नियम कथेत चपखल बसला. हवेत तरंगणाऱ्या वस्तू आणि गुंडांना चोपणारी बजरंगबलीची मूर्ती आजही लोकांच्या लक्षात आहे. या करामतींमागचं नाव होतं पीटर परेरा. मोगॅम्बो घराघरांत पोहोचला, परेरा हे नाव मात्र श्रेयनामावलीतच राहिलं.

छोट्या पडद्यावर दूरदर्शनने ‘इंद्रधनुष’ (१९८९) आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’सारख्या मालिका दाखवल्या. ‘इंद्रधनुष’मध्ये किशोरवयीन करण जोहर होता.

मराठीत विज्ञानकथेचा पाया आधीच पक्का झाला होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर! स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. म्हणजे कथा होत्या आणि वाचकही होते. पण अशा कथा पडद्यावर आणायच्या, तर पैसा आणि तंत्र लागतं. मराठी निर्मात्यांकडे त्या काळी दोन्ही बेताचंच होतं.

न बनलेल्या सिनेमाचीही गोष्ट असते. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. कोलंबिया पिक्चर्सशी बोलणी झाली, पण सिनेमा झाला नाही. पुढे ‘ई.टी.’ आला तेव्हा दोन्हींतल्या साम्याची चर्चा झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी मात्र या पटकथेचा आधार घेतल्याचं नाकारलं.

मग घाई कशासाठी?

कारण साक्षीदार कमी होत आहेत. अमरीश पुरी २००५ मध्ये गेले, श्रीदेवी २०१८ मध्ये, ‘कॅलेंडर’ साकारणारे सतीश कौशिक २०२३ मध्ये. डॉ. नारळीकर यांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. फिल्मही कायम टिकत नाही. उष्णता आणि दमटपणामुळे अॅसिटेट फिल्ममधून अॅसिटिक आम्ल सुटू लागतं, व्हिनेगरसारखा वास येतो आणि फिल्म आक्रसते. सिनेमाची डिजिटल प्रत काढता येते. पण एखादी तार कुठे लपवली होती, हे ती लपवणाराच सांगू शकतो.

आपल्या शहराचा संबंध काय?

‘मिस्टर इंडिया’चे सहलेखक जावेद अख्तर यांना जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. असे दिग्गज दरवर्षी इथे येतात, तरुण प्रेक्षकही गर्दी करतात. सत्कारासोबतच एक कॅमेरा, एक माइक आणि नीट तयार केलेली प्रश्नावली एवढी तयारी ठेवली, तरी तासाभराची मौल्यवान नोंद होऊ शकते. कलाकारांबरोबर कॅमेरामन, सेट उभारणारे आणि लॅबमधले तंत्रज्ञ यांनाही बोलतं करायला हवं. जपणुकीसाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच.

पाच तासांचा माहितीपट लगेच होणार नाही. पण त्यासाठी लागणारी माणसं आज आहेत, तोवर त्यांना विचारून घेणं आपल्या हातात आहे.